लॉ कॉलेजच्या चर्चासत्रात कापड दुकानदाराचे काय काम?

लॉ कॉलेज म्हटले की आपल्या लोकांच्या नजरेसमोर काळा कोट, जाडजूड पुस्तके आणि इंग्रजी भाषणे उभी राहतात. कॉलेजच्या फाटकावर ‘चर्चासत्र’, ‘परिसंवाद’ किंवा ‘कार्यशाळा’ असा फलक दिसला तर ते शिकणाऱ्या मुलांचे काम समजून आपण पुढे निघून जातो. वास्तविक यांपैकी बरेच कार्यक्रम सर्वांसाठी खुले असतात. ज्यांचा पैसा उधारीत गुंतलेला आहे त्या व्यापारी-कारागिरांना तर त्यांची गरज विद्यार्थ्यांपेक्षाही अधिक आहे.

आम्ही बेंबळीत कापडाचा धंदा करतो. माल सोलापूर, इचलकरंजी, सुरत येथून येतो आणि विक्रीचा मोठा भाग उधारीवर चालतो. असा धंदा करणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच की, समोरचा बेइमान निघाला तरी कायदा आपल्या मदतीला येऊ शकतो. पण तारीख निघून गेली तर त्याच कायद्याचा उपयोग राहत नाही. या तारखा आणि कागद समजून घेण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे लॉ कॉलेज होय.

कॉलेजे जवळच आहेत

धाराशिव शहरात डॉ. बापूजी साळुंखे विधी महाविद्यालय आहे. लातूर आणि सोलापूर या दोन्ही ठिकाणी दयानंद विधी महाविद्यालये आहेत. छत्रपती संभाजीनगरला माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय जुने आहे, तर महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ तेथे २०१७ साली सुरू झाले. म्हणजे कायदा शिकविणाऱ्या संस्था आपल्या उंबरठ्यापासून फार लांब नाहीत.

या संस्था समाजासाठी काम करतात ती केवळ मेहेरबानी नव्हे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ सालच्या नियमांप्रमाणे प्रत्येक विधी महाविद्यालयाने विधी सहाय्य केंद्र चालविले पाहिजे. ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ते चालवितात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून देशभर अमलात आला. विद्यापीठे व विधी महाविद्यालयांतील अशा केंद्रांना मार्गदर्शन करण्याचे कामही याच कायद्याने प्राधिकरणाकडे दिले आहे. तेव्हा तेथे प्रश्न घेऊन जाणे म्हणजे कोणाकडे हात पसरणे नव्हे.

कोणत्या कार्यक्रमाला काय मिळते?

नावे सारखी वाटली तरी कार्यक्रमांचे प्रकार वेगळे आहेत. चर्चासत्रात प्राध्यापक व अभ्यासक निबंध वाचतात. विषय खोल असतो, कित्येकदा नोंदणी फीही असते. व्यापाऱ्याने विषय पाहूनच जावे. परिसंवादात न्यायाधीश, वकील, चार्टर्ड अकाउंटंट असे तीन-चार जाणकार एकाच प्रश्नावर बोलतात आणि शेवटी श्रोत्यांना प्रश्न विचारता येतात. कार्यशाळा म्हणजे हाताने करून पाहण्याचा वर्ग. नोटीस कशी लिहावी, करारनाम्यात कोणती कलमे असावीत, मध्यस्थासमोर बोलणी कशी करावीत, हे तेथे करवून घेतात. दुकानदाराला सर्वाधिक फायदा याच प्रकारात आहे. चौथा प्रकार कायदेविषयक साक्षरता शिबिराचा. त्यासाठी विद्यार्थी आणि वकील गावात येतात.

९ नोव्हेंबरचा विधी सेवा दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन आणि २४ डिसेंबरचा राष्ट्रीय ग्राहक दिन या सुमारास असे कार्यक्रम हमखास होतात. त्या दिवसांत चौकशी ठेवावी.

चेक परत आला, आता पुढे?

अशा कार्यशाळेत शिकण्यासारखे काय असते, त्याचा नमुना पाहू. समजा, बेंबळीच्या एका दुकानदाराने सोलापूरच्या ठेकेदाराला गणवेशाचे चाळीस हजारांचे कापड दिले. ठेकेदाराने चेक दिला आणि तो न वटता परत आला. ठेकेदार म्हणतो, “शेठ, थोडे थांबा, पुढच्या महिन्यात देतो.” आपला माणूस भिडेखातर थांबतो. नुकसान येथेच सुरू होते.

परक्राम्य संलेख कायदा १८८१ सालचा आहे. त्यात कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. त्याचे टप्पे असे: चेकवरील तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत लावावा लागतो. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पंधरा दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत पैसे आले नाहीत तर पुढील एका महिन्यात कोर्टात फिर्याद दाखल करावी लागते. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

फिर्यादीला उशीर झाला आणि कारण सबळ असले तर कोर्ट तो माफ करू शकते. नोटिशीच्या तीस दिवसांना मात्र ती सवलत नाही. चेकचे तीन महिने शिल्लक असतील तर तो पुन्हा लावून नव्याने नोटीस देता येते. तेही उरले नसतील तर हा मार्ग बंद होतो. मग दिवाणी दाव्याचाच रस्ता राहतो.

२०१५ च्या दुरुस्तीने आणखी एक सोय झाली. आपण आपल्या खात्यात चेक भरला असेल, तर आपले खाते ज्या शाखेत आहे तेथील कोर्टात फिर्याद चालते. खाते धाराशिवच्या शाखेत असेल तर सोलापूरच्या पार्टीविरुद्ध धाराशिवलाच दाद मागता येते. ही एवढी गोष्ट माहीत नसल्याने परगावच्या खेपा नकोत म्हणून येणे सोडून देणारे दुकानदार कमी नाहीत.

वही बोलते, पण एकटी पुरत नाही

आपला सारा भरवसा खतावणीवर. नियमितपणे लिहिलेली वही पुराव्यात चालते हे खरे, पण केवळ वहीतल्या नोंदीवरून कोणावर देणे बसविता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हेच होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हेच आहे. वहीच्या जोडीला सही केलेले बिल, माल पोचल्याची पावती, बँकेची नोंद असा आधार लागतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांत करावा लागतो. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्याच्या तारखेपासून आणि ठरलेली असेल तर ती संपल्यापासून ही तीन वर्षे मोजतात. मात्र ही मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने “इतके देणे आहे” असे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. काही रक्कम दिली आणि त्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असली, तरी तसेच होते. वर्षअखेरीस बाकी काढून गिऱ्हाइकाची सही घेण्याची जुन्या पेढ्यांची रीत किती शहाणपणाची होती, हे यावरून ध्यानात येईल.

कारागिरासाठी वेगळा हक्क

शिंपी, विणकर, रंगारी, भरतकाम करणारे अशा बांधवांना २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचा आधार आहे. उद्यम नोंदणी करून माल बनवून दिला किंवा मजुरीचे काम केले, तर घेणाऱ्याने ठरलेल्या दिवशी पैसे द्यावे लागतात. करारात काहीही लिहिले तरी ही मुदत पंचेचाळीस दिवसांपुढे जात नाही. दिवस ठरला नसेल तर पंधरा दिवस धरतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि तक्रार सुविधा परिषदेकडे नेता येते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरतीच आहे. उशिराच्या वसुलीचा हा हक्क त्यात येत नाही. नोंदणीचा कागद एकसारखा दिसतो, हक्क मात्र वेगळे. असे बारकावे जाणकाराला समोरासमोर विचारूनच उलगडतात.

मर्यादाही ओळखाव्यात

विद्यार्थी कोर्टात आपली बाजू मांडू शकत नाहीत. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याप्रमाणे तो अधिकार वकिलांचा आहे. केंद्रात अर्ज लिहून मिळतो, कागद समजावून सांगतात आणि प्रकरण योग्य असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवितात. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार तसेच ठरावीक उत्पन्नाच्या आतील माणसांना तेथून मोफत वकील मिळतो. घरी बसून शिलाई करणाऱ्या आपल्या भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे. प्राधिकरणाचा मदतीचा फोन क्रमांक १५१०० आहे.

तडजोडीची तयारी असेल तर दावा न लावताही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तेथे कोर्ट फी लागत नाही. तेथील निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी रक्कम व हप्ते नीट पाहून घ्यावेत.

भाषेची भीती नको

आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना वाटते की, आपल्याला तेथले काय कळणार? पण १९४८ पर्यंत निजामी अमलात या जिल्ह्याच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चालत असे. हैदराबादला १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर शिक्षणाचे माध्यमच उर्दू होते. आजच्या मराठी कोर्टातले दावा, मुदत, वकील, फिर्याद, दस्तऐवज, जामीन, हुकूमनामा हे शब्द आपल्या घरातलेच आहेत. वक्ता इंग्रजीत बोलू लागला तर “साहेब, मराठीत सांगा” असे अदबीने म्हणावे. आपल्या विद्यार्थ्यांनाही पुढे पक्षकाराशी त्याच्या भाषेत बोलावे लागणार, हे प्राध्यापक जाणतात.

जाताना काय न्यावे?

एका कागदावर क्रमाने तारखा लिहाव्यात: माल कधी दिला, बिल कधी केले, चेक कधीचा, परत कधी आला. सोबत झेरॉक्स न्याव्यात. अस्सल कागद कोणाच्या हाती ठेवून येऊ नये. भर सभेत समोरच्या पार्टीचे नाव घेऊन भांडण मांडू नये. प्रश्न दोन वाक्यांत विचारावा आणि उत्तर तेथेच टिपून घ्यावे. नोटिशीचे दिवस सरत आले असतील तर शिबिराची वाट न पाहता थेट वकील गाठावा.

याहून चांगला मार्ग म्हणजे कॉलेजलाच गावात बोलाविणे. बेंबळीतील पाच-दहा दुकानदार व कारागिरांनी मिळून प्राचार्यांना आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना एक अर्ज द्यावा. विषय नेमका लिहावा: ‘उधारी, चेक आणि मुदत’. दिवस बाजाराचा नसावा, म्हणजे दुकानदाराला बसता येईल. वेळ दुपारची असावी, म्हणजे भगिनींनाही येता येईल. विद्यार्थ्यांना अनुभव हवा असतो आणि आपल्याला माहिती. अर्जाला खर्च एका कागदाचा आहे. तोवर आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी प्रत्येकाने खतावणी उघडावी, तीन वर्षे पुरी होत आलेली येणी लाल शाईने खुणावावीत आणि त्या गिऱ्हाइकांची बाकीवर सही घेण्यास उद्यापासून लागावे.