माटोळीतले रान

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा आपल्या न्यासाच्या चिटणिसांचा निरोप आला, तेव्हा म्हापशाच्या बाजारात माटोळीचे सामान उतरू लागले होते. विषय शोधण्याचे श्रम वाचले.

गणेशचतुर्थीस मूर्तीच्या वर, छताला लाकडी पट्ट्यांची आडवी चौकट टांगून तीस फळे, फुले, भाज्या व रानवेली बांधतात, ती माटोळी. शेजारच्या सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात. आमच्या घरी ती नसते. परंतु शेजारच्या घरी चौकट धरून उभे राहण्याचे काम लहानपणी मजकडे असे, आणि धरणाऱ्याच्या हातांना तिची रचना बरोबर कळते. नारळ, सुपारीचे कातरे, केळ्यांचा घड ही जड फळे प्रथम समोरासमोर बांधावयाची, नाहीतर चौकट कलते. मग तोरिंजन, नीरफणस, चिबूड, आंबाडे. शेवटी खरी रानातली : लालभडक कवंडळे, कांगल्यांचे घोस, करमळे, माट्टीची पंखवाली फळे. माट्टी म्हणजे पुस्तकात आपण ज्याला ऐन म्हणतो, तोच वृक्ष. बांधावयास जुन्या घरांतून अजूनही केवणीचा दोर घेतात. केवण म्हणजे मुरुडशेंग; तिच्या सालीचा वाख मोठा चिवट असतो.

यातले सगळेच खाण्याजोगे नव्हे. वाघनखीचे फूल ज्वालेसारखे सुंदर, पण तिच्या कंदात जहाल विष असते. शेजारची आजी ते बांधताना आम्हा मुलांना बजावी, "बघा, पण तोंडाक लावू नकात!" वनस्पतिशास्त्राचा माझा पहिला पाठ तो. कोणते फळ कडू, कोणते औषधी, कोणती वेल पावसानंतर कुठल्या कुंपणावर सापडते, हे सारे वर्षातून एकदा घरभर बोलले जाई. पुढे दोडकी-चिबडांचे बी काढून राखेत घोळून ठेवीत.

मागे एकदा मी आठवीच्या वर्गात माटोळीतल्या फळांची नावे लिहावयास सांगितली. शहरातल्या मुलांची गाडी नारळ, केळे, सुपारी, काकडी येथेच अडली. पेडण्याकडून येणाऱ्या एका मुलाने अकरा लिहिली, आणि वर्ग हसेल म्हणून वही झाकून ठेवली! मला वाईट वाटले ते त्या झाकण्याचे.

कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते. त्यामुळे या कलेस मान मिळाला, ही चांगली गोष्ट. बियांची व फळांची अशी काही चित्रे लोक रचतात, की पाहणारा थक्क होतो. पण वस्तूंची संख्या वाढविण्याच्या चढाओढीत वेल मुळासकट उपटली जाते, हेही आहे. जिचे बी रानात पडलेच नाही, ती पुढच्या साली कोठून यावी? मला परीक्षक केले (कोणी करणार नाही म्हणा), तर मी फळे मोजणार नाही. घरातल्या लहान मुलास नावे विचारीन, आणि हे कोठून आणले, मागे किती ठेवले, हेही.

यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी दहा-बारा विद्यार्थ्यांना घेऊन बाजारात गेलो. डिचोली-सत्तरीकडून आलेल्या बायका वाटे मांडून बसल्या होत्या. एकीला मुलांनी इतके प्रश्न केले, की ती म्हणाली, "मास्तर, घेतलास काय नाय तें सांग आदीं!" मी कवंडळांचा एक वाटा घेतला. तो पेडण्याच्या त्या मुलाने हाती धरला आणि बाकीच्यांना नावे सांगत पुढे चालू लागला.