टिलर गाडीत चढवताना: चार पट्टे आणि एक नियम

पावसाचा पहिला जोर झाला की आपल्या पनवेल तालुक्यात सगळ्यांना एकाच वेळी टिलर हवा असतो. नेऱ्याकडची चिखलणी आटोपते न आटोपते तोच शिरढोणहून फोन येतो, "ताई, उद्या सकाळी मिळेल का?" गटाचा टिलर मग पिकअपमध्ये चढतो आणि या गावाहून त्या गावाला निघतो. टिलर चालवायला आपण शिकलो, हिशेब ठेवायला शिकलो. गाडीत तो बांधायचा कसा, हे मात्र आम्हाला कोणी शिकवले नव्हते. ते आम्ही अपघातातून शिकलो. आज तेच सांगायचे आहे.

झाले असे. आम्ही टिलर हौद्यात चढवला, नायलॉनची दोरी त्याच्या हँडलला गुंडाळली आणि दोन गाठी मारल्या. दोरीचा भरवसा वाटेना, म्हणून आमच्यातल्या दोघी हौद्यातच बसल्या, टिलर धरून. ड्रायव्हरदादांनी गतिरोधक पाहून जोरात ब्रेक लावला. टिलर सरळ पुढे घसरला, हँडल वाकले आणि एकीचा पाय टिलर आणि हौद्याची भिंत यांच्यामध्ये सापडला. हाड मोडले. त्या वर्षीची लावणी तिच्या घरच्यांनी तिच्याविना केली. चूक ड्रायव्हरदादांची नव्हती, टिलरचीही नव्हती. आमच्या बांधण्याची होती.

आता यातला हिशेब समजून घेऊ. गाडी थांबते, पण आत ठेवलेले ओझे आपल्या वेगाने पुढेच जाऊ पाहते. माल बांधण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, ते जोरदार ब्रेकला ओझ्याच्या वजनाच्या ८० टक्के इतका जोर पुढे येतो असे धरतात. वळणावर बाजूला आणि झटक्याने मागे ५० टक्के धरतात. मोठा डिझेल टिलर अवजारासह ४०० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे ब्रेकच्या क्षणी ३२० किलोचा धक्का पुढे. दोन बायकांच्या हातांनी तो कसा थांबणार? कर्नाळ्याच्या खिंडीतल्या वळणांवर हाच जोर बाजूला येतो.

बर्फाच्या देशांत लोक बर्फावर चालणारी गाडी, स्नोमोबाइल, ट्रेलरवर घालून नेतात. आपल्याकडे गुलमर्गला पर्यटक त्यात बसतात. ती नेताना पुढच्या दोन्ही पट्ट्या एका आडव्या दांडीखाली घट्ट दाबतात आणि मागचा भाग पट्ट्याने खाली ओढून बांधतात. कारण गाडीला स्प्रिंग असतात. ती नुसती ठेवली तर खड्ड्यागणिक उसळते, आणि उसळली की दोरी ढिली होते. आपल्या टिलरला रबरी टायर आहेत. तेही स्प्रिंगच आहेत. म्हणून टिलर नुसता अडकवायचा नाही, टायर किंचित दबेल इतका खाली ओढून बांधायचा.

आता चढवण्यापासून सुरुवात करू. हौदा जमिनीपासून साधारण तीन फूट उंच असेल तर फळ्या निदान दहा-बारा फूट लांब हव्यात. आखूड फळीवर चढ उभा होतो. त्यापेक्षा सोपा उपाय आपल्या शेतातच आहे. उंच, टणक बांध शोधा आणि पिकअप मागे घेऊन बांधाला लावा. चढ उरतो तो थोडासाच. फळ्या वापरल्या तर त्या हौद्याला हुकाने किंवा दोरीने पक्क्या अडकवा, नाहीतर चाकाच्या जोराने त्या मागे सरकतात. टायरचा चिखल आधी धुऊन टाका. चिखलणीची लोखंडी चाके काढून वेगळी बांधा, कारण लोखंडावर लोखंड घसरते.

चढताना सगळ्यात कमी गिअर, टिलरचे तोंड पुढे. उतरताना तोच गिअर मागचा, म्हणजे टिलर उलटा उतरवायचा. फळीवर असताना वळवायचा क्लच मुळीच दाबू नका. उतारावर टिलर आपल्याला हवे त्याच्या उलट्या बाजूला वळतो. दिशा आधीच सरळ लावून घ्या. मदतीला असलेल्या बायका बाजूला उभ्या राहतील, चढणाऱ्या टिलरच्या मागे खाली कोणीही नाही.

टिलर वर आला की इंजिन बंद, डिझेलचा कॉक बंद, टिलर गिअरमध्ये. पुढचे स्टँड लावून ठेवू नका, धक्क्याने ते दुमडते. रोटरचे दात गोणपाटाने झाका आणि रोटर फळीवर टेकवा. टिलरचे तोंड हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवा. मध्ये पेंढ्याने भरलेले पोते घाला. चाकांच्या पुढे आणि मागे लाकडी ठोकळे लावा.

मग पट्टे. खटक्याने ताणायचे रॅचेट पट्टे चार घ्या. नायलॉनची दोरी ताण बसला की लांबते, आणि पावसात भिजली तर आणखी. पट्ट्यावर त्याचा भार छापलेला असतो. तो तुटण्याचा भार आहे की कामाचा, हे विचारून घ्या. तुटण्याचा असेल तर त्याच्या एक तृतीयांशच हिशेबात धरा.

दोन पट्टे पुढून, दोन मागून, हौद्याच्या चार कोपऱ्यांकडे. प्रत्येक पट्टा खाली आणि बाहेर तिरका ओढला गेला पाहिजे. मागचे दोन सगळ्यात महत्त्वाचे, कारण ब्रेकला टिलरला मागून धरणारे तेच. हूक टिलरच्या मजबूत लोखंडी सांगाड्याला अडकवा. हँडल, तारा, पत्रा यांना कधीही नको. दुसरे टोक हौद्याच्या पक्क्या कडीला, मागच्या फाळक्याला किंवा त्याच्या साखळीला नव्हे. जिथे पट्टा धारदार कडेवरून जातो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. उरलेले टोक गुंडाळून बांधा, नाहीतर ते चाकात जाते.

बांधून झाले की हँडल धरून टिलर जोराने हलवा. टिलर एकटा हलता कामा नये, त्याच्याबरोबर सगळी गाडी डुलली पाहिजे. गावाबाहेर दोन-तीन किलोमीटरवर ड्रायव्हरदादांना थांबायला सांगा आणि पट्टे पुन्हा ताणा. पहिल्या खड्ड्यांत सगळे थोडे बसते. पळस्पे फाट्याला महामार्गावर चढण्याआधी पुन्हा एकदा हात लावून बघा.

दंडाचेही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार माल हौद्याच्या बाहेर आला तर २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. हँडल बाहेर राहत असेल तर मोठा पिकअप बोलवा.

आणि शेवटचा नियम, जो आमच्या गटाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे: हौद्यात टिलर असेल तर माणूस नाही. मालाच्या गाडीत माणसे बसवणे कायद्याला मान्य नाही, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाईही अडते. पण कायद्याआधी आपला पाय आहे. बांधलेला टिलर धरायला कोणी लागत नाही. धरायला कोणी लागत असेल, तर तो बांधलेलाच नाही.

पुढच्या बैठकीला गटातल्या दोघींनी पट्टे ताणून दाखवावेत, बाकीच्यांनी करून बघावे. अर्धा तास पुरतो. आमची ती मैत्रीण आता चालते, लावणीलाही येते. पट्टे बांधून झाले की शेवटचा हात तीच लावते, आणि ती "हं" म्हणाल्याशिवाय आमची गाडी सुटत नाही.