पावसाबरोबर येणारी वीज

जुलैत साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर गेलं, तर धुक्यात पवनचक्की दिसण्याआधी तिच्या पात्यांचा आवाज कानावर येतो. हिवाळ्यात याच पठारावरच्या कितीतरी चक्क्या मंद फिरत असतात किंवा थांबलेल्या असतात. यावरून पवनऊर्जेला लहरी ठरवणं मला मान्य नाही. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग 20 टक्के घटला की ऊर्जा जवळपास निम्म्यावर येते, त्यामुळे वाऱ्यातला थोडा फरक विजेत फार मोठा होऊन दिसतो. पण त्या चढउताराला ऋतूची शिस्त आहे. मोसमी वाऱ्यांचा मुख्य झोत अरबी समुद्रावरून येताना साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरकस असतो आणि साताऱ्याची ही पठारं अकराशे मीटरच्या आसपास आहेत. देशातल्या पवनविजेचा निम्म्याहून अधिक वाटा जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत येतो, आणि नेमक्या याच काळात ढगांमुळे सौरवीज घटलेली असते.

पण पावसाने ओढ दिली तर? हा आक्षेप वजनदार आहे. पावसात खंड पडला की झोत दक्षिणेकडे सरकतो, महाराष्ट्रातला वारा पडतो आणि त्याच वेळी पिकं वाचवण्यासाठी कृषिपंपांची मागणी वाढते. चक्क्या धुळ्यापासून सांगलीपर्यंत विखुरल्या तरी सगळ्या त्याच मोसमी वाऱ्यावर अवलंबून असल्यामुळे हा खड्डा पुरता भरत नाही. मात्र खंडात आभाळ उघडतं. कृषिपंपांच्या वाहिन्या दिवसा सौरविजेवर चालवणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना म्हणूनच मला पवनऊर्जेचीही जोडीदार वाटते, कारण वारा पडतो त्या दिवसांचा भार ती उन्हावर टाकते.

राहिला साठवणुकीचा प्रश्न. साताऱ्यातल्याच वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांच्या पठाराखाली कोयना धरणाचं पाणी आहे. 1,960 मेगावॅटच्या कोयना जलविद्युत प्रकल्पाला वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवता येणारं पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीवर बांधून दिलं आहे. वारा भरात असताना कोयनेचे संच थांबवले, तर वाचलेला वाटा एप्रिलच्या संध्याकाळी वापरता येतो. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी सोडावंच लागतं, मग वाचलं काय, असं कुणी विचारेल. ते पाणी पूर्वेला जातं; पश्चिमेचा वार्षिक वाटा त्यातून खर्ची पडत नाही आणि पावसाळा सरताना धरण बहुतेक वर्षी भरलेलं असतं. खरी अडचण वर्षावर्षांतल्या फरकाची आहे. 2020च्या जुलैत देशातली पवनवीज आदल्या जुलैपेक्षा बरीच कमी झाली. अशा वर्षासाठी औष्णिक संच राखून ठेवावे लागतील आणि तो खर्च पवनविजेच्या हिशेबात प्रामाणिकपणे धरायला हवा. तो कमी करायचा, तर उत्तम वाऱ्याच्या पठारांवरची साडेतीनशे किलोवॅटची जुनी यंत्रं आधी बदलावीत. आजच्या 3 मेगावॅटच्या यंत्रांचे मनोरे उंच आणि पाती लांब असतात. हिवाळ्याच्या मंद वाऱ्यातही ती जुन्या यंत्रांपेक्षा कितीतरी जास्त वीज काढतात.