शस्त्रक्रियांचा अनुशेष : आधी मोजदाद, मग भरपाई

‘अनुशेष’ हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. १९८३ साली राज्य शासनाने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि सिंचन, रस्ते, वीज अशा क्षेत्रांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे, याचा हिशेब १९८४ च्या अहवालातून पुढे आला. त्या हिशेबावर वाद पुष्कळ झाले. पण वाद घालायला निदान आकडा तरी होता. करोनाच्या साथीत लांबणीवर पडलेल्या शस्त्रक्रिया आणि राहून गेलेल्या तपासण्या यांचाही असाच एक अनुशेष साचला. तो कसा भरून काढायचा, याची चर्चा जगभर झाली. आपल्याकडे मात्र पहिलाच प्रश्न अवघड आहे : तो आहे तरी किती?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २० मार्च २०२० रोजी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना रुग्णालयांना दिली. पाच दिवसांनी देशभर टाळेबंदी सुरू झाली. इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावात याचा अर्थ काय झाला, ते पाहण्यासारखे आहे. येथील कामगाराला परवडणारे दरवाजे मोजून तीन. एक, पूर्वी नगरपालिकेचे असलेले आणि पुढे राज्य शासनाकडे गेलेले इंदिरा गांधी रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘आयजीएम’. दुसरे कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आणि तिसरे मिरजेचे शासकीय रुग्णालय. २०२० मध्ये ही तिन्ही रुग्णालये करोनाच्या उपचारांना जुंपली गेली. त्याला पर्याय नव्हता, हे मान्य करायलाच हवे. परंतु हर्निया, मोतीबिंदू, गर्भाशयाचे विकार किंवा मूतखडा साथीसाठी थांबत नाहीत.

रुग्णालय पुन्हा पूर्ववत सुरू झाले की रांग आपोआप ओसरेल, असा एक सार्वत्रिक समज असतो. तो चुकीचा आहे आणि का चुकीचा, हे यंत्रमागधारकाला चटकन समजेल. समजा, एका रुग्णालयात आठवड्याला दहा नवे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी येतात आणि दहाच शस्त्रक्रिया होतात. शस्त्रक्रियागृह बारा आठवडे बंद राहिले, तर एकशेवीस रुग्ण तुंबतात. पुढे काम पूर्वीच्याच गतीने सुरू झाले, तर आठवड्याचे दहा नव्या दहांतच संपतात आणि एकशेवीसांची रांग वर्षानुवर्षे तशीच राहते. आठवड्याला बारा शस्त्रक्रिया केल्या, तर दर आठवड्यास जुन्यांपैकी दोन निघतील. म्हणजे साठ आठवडे लागतील. माग तीन महिने बंद पडले आणि मागणी चालूच राहिली, तर थकलेले कापड जादा पाळीशिवाय निघत नाही, तोच हा हिशेब.

‘कोव्हिडसर्ज’ या शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मे २०२० मध्ये असेच गणित जगाच्या पातळीवर मांडले होते. साथीच्या ऐन भराच्या बारा आठवड्यांत सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील, म्हणजे नियोजित शस्त्रक्रियांपैकी सुमारे ७२ टक्के, असा त्यांचा अंदाज होता. नंतर नेहमीपेक्षा वीस टक्के अधिक काम केले, तरी ही थकबाकी फिटायला साधारण ४५ आठवडे लागतील, असेही त्यांनी म्हटले. प्रत्यक्षात लाटा एकामागून एक आल्या.

मग वीस टक्के अधिक काम आणायचे कोठून? येथे खाटांची संख्या वाढविल्याच्या घोषणा होतात आणि तेथेच फसगत होते. सायझिंगमधून बीम वेळेवर येत नसतील, तर कारखान्यात आणखी चार माग बसवून काय उपयोग? २०१५ साली सायझिंग कामगारांचा संप लांबला तेव्हा हा अनुभव अवघ्या शहराने घेतला आहे. रुग्णालयात ‘सायझिंग’च्या जागी बहुधा भूलतज्ज्ञ असतो. तो आठवड्यातून दोनच दिवस मिळत असेल, तर शस्त्रक्रियागृह उरलेले दिवस कुलूपबंदच. कोठे परिचारिका अपुऱ्या, कोठे निर्जंतुकीकरणाचे यंत्र एकच, तर कोठे शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्ततपासण्यांचे अहवाल उशिरा येणारे. अडचण नेमकी कोठे आहे, हे शोधून तेथेच पैसा व माणूस घालावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे नियोजित शस्त्रक्रियांसाठी वेगळे शस्त्रक्रियागृह राखणे. अन्यथा अपघाताचा एक रुग्ण आला की सकाळपासून उपाशी ठेवलेल्या तिघांना ‘उद्या या’ म्हणून घरी पाठविले जाते.

खासगी रुग्णालयांची क्षमता वापरण्याचा मार्ग राज्यात आहेच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. मात्र या योजनेत शंभराहून अधिक उपचार शासकीय रुग्णालयांसाठी राखीव ठेवलेले आहेत. गैरप्रकार टाळण्याचा हेतू त्यामागे असला, तरी शासकीय रुग्णालयच साथीत अडकले की त्या उपचारांच्या रुग्णाला पर्याय उरत नाही.

मोतीबिंदूचे उदाहरण आशादायक आहे. देशात वर्षाला साठ लाखांहून अधिक होणाऱ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया २०२०-२१ मध्ये चाळीस लाखांच्याही खाली आल्या. नंतर राष्ट्रीय नेत्रज्योती अभियान हाती घेण्यात आले आणि २०२२-२३ साठी ठरविलेले ७५ लाखांचे उद्दिष्ट ओलांडून ८३ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. हे साधले, कारण मोतीबिंदूला वर्षाचे उद्दिष्ट आहे, जिल्हावार नोंद आहे आणि शिबिरांची जुनी सवय आहे. हर्नियाला यातले काहीच नाही.

म्हणूनच यादीचे महत्त्व. इंग्लंडमध्ये नियोजित उपचारांच्या प्रतीक्षा यादीत साथीपूर्वी सुमारे ४६ लाख नोंदी होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या ७७ लाखांच्या पुढे गेल्या. सरकारला लाज आणणारा हा आकडा दर महिन्याला प्रसिद्ध होत राहिला. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांची अशी देशव्यापी यादी प्रसिद्ध होत नाही. रुग्णाच्या हाती केसपेपर असतो, त्यावर तारीख असते. ती टळली की पुन्हा बाह्यरुग्ण विभागापासून सुरुवात. यादी केली, तर प्रत्येकाला दूरध्वनी करून विचारता येते : शस्त्रक्रिया अन्यत्र झाली का, गाव सोडले का, त्रास वाढला का? कालपर्यंत थांबू शकणारा हर्निया आतडे अडकल्यावर काही तासांत जिवावर बेततो. त्यामुळे आधी आला त्याला आधी, हा न्याय येथे पुरेसा नाही. क्रम अधूनमधून तपासावा लागतो.

पण जो रुग्ण रुग्णालयापर्यंत आलाच नाही, त्याचे नाव कोणत्याही यादीत नसते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी देशातील ४१ कर्करोग केंद्रांची माहिती एकत्र केली, तेव्हा मार्च ते मे २०२० मध्ये नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ५४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. कर्करोग घटला नव्हता. क्षयरोगाचे तसेच. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. थुंकीतील क्षयजंतू शोधणारी, गोव्यातील कंपनीची ‘ट्रूनॅट’ यंत्रे त्या वर्षी करोनाच्या चाचण्यांनाही वापरली जात होती.

इचलकरंजीत ही गोष्ट अधिक गंभीर ठरते. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्याचा खोकला कोणी मनावर घेत नाही, तो स्वतःही नाही. टाळेबंदीत अनेक परप्रांतीय कामगार गावी निघून गेले. अशा वेळी उपचार अर्धवट राहण्याचा धोका असतो. उपचार न घेणारा एक क्षयरुग्ण वर्षभरात दहा ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो, असे मानले जाते आणि मागांच्या खडखडाटात माणसे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलतात. राज्याने डिसेंबर २०२० मध्ये घरोघर जाऊन क्षयरोग व कुष्ठरोगाचे रुग्ण शोधण्याची मोहीम राबविली. देशातील नोंदणी २०२२ मध्ये पुन्हा २४ लाखांवर गेली, २०२३ मध्ये २५ लाखांच्या पुढे. रुग्ण वाढले म्हणून घाबरण्यापेक्षा, राहिलेले सापडू लागले असे या आकड्यांकडे पाहायला हवे.

घरोघर जाणाऱ्या मोहिमेतही एक उणीव राहते. कर्मचारी सकाळी दार ठोठावतात, तेव्हा दिवसपाळीचा कामगार मागावर असतो आणि रातपाळीचा झोपलेला. बाह्यरुग्ण विभागाची वेळही त्याच सुमाराची. बारा तासांची पाळी संपते त्या वेळी, कारखान्याच्या दारातच थुंकीचे नमुने घेण्याची सोय झाली, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. लागेल ती सायंकाळी कामावर येणारी दोन माणसे आणि नमुने त्याच रात्री प्रयोगशाळेत पोहोचविणारे एक वाहन.