झिजलेल्या हाडाची ओळख

अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हेनिस नावाचे गाव आहे. शार्क माशांच्या अश्मीभूत दातांसाठी ते प्रसिद्ध. तेथे दात वेचणाऱ्यांच्या ओंजळीत बोटाएवढे काळे, गुळगुळीत तुकडेही येतात. हाड म्हटले की पुष्कळांच्या तोंडी प्रथम डायनोसॉर येतो. तो येथे सोडून द्यावा. फ्लॉरिडाच्या पृष्ठभागावरील खडक त्या प्राण्यांच्या अंतानंतरचे आहेत.

काळ्या रंगानेही फसू नये. तो वयाचा पुरावा नव्हे. हाड ज्या गाळात पुरले गेले, त्यातील फॉस्फेटादी द्रव्यांमुळे तो चढतो. लाटांनी सांधे झिजवले, कडा पुसल्या, मग ओळखावे कशावरून? अशा वेळी आम्ही मोडलेली बाजू भिंगाखाली धरतो. झिजेने आकार जातो, आतली घडण राहते. भूचर चतुष्पादाच्या पायाचे हाड असेल, तर बहुधा मध्ये मज्जेची पोकळी व भोवती जाड भिंत दिसते. देवमाशाचे हाड पावासारखे जाळीदार. कासवाच्या कवचात दोन घट्ट थरांमध्ये जाळीचा थर. आणि तुकडा किंचित बाकदार, हाताला जड, आरपार भरीव असेल, तर ती बहुधा समुद्रगायीची बरगडी!

बरगडी भरीव का? हा प्राणी उथळ पाण्यात तळचे गवत चरतो. फुप्फुसांतील हवा त्याला वर उचलू पाहते. पाणबुड्या कमरेला शिसे बांधतो, तसे याचे वजन हाडांतच असते. असे हाड लाटांनाही सहजी दाद देत नाही, म्हणून हेच तुकडे इतके सापडतात.

पुढे मात्र हात आखडता घ्यावा. समुद्रगायींत ड्युगाँग आणि मॅनटी अशी दोन कुळे आहेत. ड्युगाँग आपल्या कच्छच्या व मन्नारच्या आखातांत आहे, मॅनटी फ्लॉरिडात आजही पोहते. बरगड्या दोघांच्याही भरीव. तेव्हा झिजलेल्या तुकड्यावर जातीचे नाव लिहिणे आम्हांस धाडसाचे वाटते. ‘समुद्रगाय, बरगडी’ एवढेच पुरे. हाड ताजे असल्याची शंका आली, तर तापलेली सुई टेकवावी. जळक्या केसांचा वास आल्यास ते अश्मीभूत नव्हे.

फ्लॉरिडात सरकारी जागेतून शार्कचे दात कोणीही न्यावेत. इतर पृष्ठवंशीयांच्या जीवाश्मांसाठी फ्लॉरिडा विद्यापीठाच्या संग्रहालयाचा परवाना लागतो, आणि काय सापडले ते कळवावे लागते. म्हणून ठिकाण व तारीख त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून तुकड्याबरोबर ठेवावी.