दादर टी.टी.

दादरला खोदादाद सर्कलपाशी जायचं असलं की मुंबईकर टॅक्सीवाल्याला आजही ‘टी.टी.ला घ्या’ असंच सांगतो. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. तिथे शेवटची ट्राम येऊन थांबली त्याला साठ वर्षं उलटून गेली. ही दोन अक्षरं उच्चारणाऱ्या बहुतेकांनी ट्राम पाहिलेलीच नाही.

खरं तर मुंबईत ट्राम प्रत्यक्षात आली त्याच्या नऊ वर्षं आधीच यायची होती. १८६५ मध्ये एका अमेरिकन कंपनीला परवाना मिळाला होता. पण त्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव कोसळले, शेअरच्या नादी लागलेल्यांचं दिवाळं निघालं आणि ट्रामचा बेत त्यात बुडाला. अखेर ९ मे १८७४ रोजी स्टर्न्स आणि किटरेज यांच्या कंपनीने घोड्यांची ट्राम सुरू केली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. वाटसरू ओढ्यात पाय धुवायचे म्हणून जिला नाव पडलं, त्या पायधुणीला आता लोक पाय न मळवता पोहोचू लागले. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे, आणि तिकीट मात्र नाही! पुढे भाडं दोन आण्यांवर आलं आणि फुकट्यांना आळा बसावा म्हणून तिकिटंही आली. कंपनीच्या पागेत सुरुवातीला नऊशे घोडे होते.

विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. त्याआधी, १९०५ मध्ये, ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ कंपनी उभी राहिली होती. ट्रामला वीज हवी म्हणून वाडीबंदरला वीजकेंद्र काढलं गेलं. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत मोलाचा धागा वाटतो. आज कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या घरांत ‘बेस्ट’चं विजेचं बिल येतं, त्याचं मूळ त्या ट्रामच्या तारेत आहे. ‘बेस्ट’मधला ‘टी’ही आधी ट्रामवेजचा होता. ऑगस्ट १९४७ मध्ये कंपनी महापालिकेकडे आली आणि तो ट्रान्सपोर्टचा झाला.

गर्दी इतकी वाढली की १९२० मध्ये दुमजली ट्राम आल्या. वरच्या मजल्यावरून गिरगाव-काळबादेवीच्या घरांच्या गॅलऱ्या हातभर अंतरावरून सरकत. ड्रायव्हर उभ्याने गाडी हाकी आणि पायाने घंटा ठोकी. वेग बेताचा, तरणी पोरं धावत येऊन दांडी पकडत आणि थांबा येण्याआधीच उतरत. घाई नसलेल्या माणसाला बाजार, देवळं, दुकानांच्या पाट्या वाचत जाता येई. लालबाग-परळकडच्या गिरणी कामगाराला आणि कोटातल्या (फोर्टमधल्या) कारकुनाला एकाच बाकावर बसवणारी ही गाडी होती.

तिच्यात खोटही होती, ती लपवू नये. रूळ रस्त्याच्या मधोमध, म्हणून उतरणारा थेट रहदारीत उतरे. एक ट्राम अडली की मागच्या सगळ्या खोळंबत. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली, ती मात्र अडथळ्याला वळसा घालून जाऊ शकणारी. मोटारी वाढल्या, ट्रामचा धंदा तोट्यात गेला, मार्ग एकेक करून बंद झाले. तरी माझं मत स्पष्ट आहे: रस्ता अडवला तो ट्रामने नव्हे, मोटारींनी, आणि शिक्षा मात्र ट्रामला झाली.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून निघालेली शेवटची ट्राम दादरला गेली. फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत काही वर्षांपूर्वी जुने रूळ जमिनीखाली सापडले. लोखंड असं कधीतरी वर येतं, आठवणी येत नाहीत. त्या रात्री दहा वर्षांचं असलेलं मूल आता सत्तरीपार आहे. तुमच्या घरात असं कोणी असेल, तर या दिवाळीत फराळाच्या ताटापाशी त्यांना विचारा: कुठे चढायचात, कुठे उतरायचात, घंटेचा आवाज कसा होता? आणि ते सांगतील ते फोनवर नोंदवून ठेवा.