क्लॅरेंडन टाईपाची कथा

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला. त्याचें कोणतेंहि पान उघडलें, तरी अर्थ, व्युत्पत्ति व अवतरणें यांच्या दाटींतून मूळ शब्द तत्काळ नजरेंत भरतो. कारण तो क्लॅरेंडन नांवाच्या काळ्याभोर टाईपांत जुळविलेला असतो. या टाईपाची हकीकत आमच्या वाचकांस रुचेल, असें वाटल्यावरून ती येथें देत आहों.

लंडनमध्यें फॅन स्ट्रीट येथें खिळे ओतण्याचा एक कारखाना होता. त्याचे मालक रॉबर्ट थॉर्न १८२० सालीं वारल्यावर विल्यम थॉरोगुड नांवाच्या गृहस्थांनीं तो लिलावांत घेतला, तोहि सोडतींत लागलेल्या पैशांवर! पुढें तेथें भागीदार झालेल्या रॉबर्ट बेस्ली यांनीं १८४५ सालीं क्लॅरेंडन बाहेर काढला. ठसे कोरले बेंजामिन फॉक्स यांनीं. तत्पूर्वीं जाहिरातींसाठीं अगडबंब अक्षरें होतींच; परंतु त्यांच्या जाड व बारीक रेघांत जमीनअस्मानाचें अंतर असे, आणि साध्या मजकुरांत तीं बसविलीं कीं जेवणाच्या पंक्तींत पहिलवान येऊन बसल्यासारखें होई. फॉक्स यांनीं बारीक रेघ जाड केली, रुंदी आवरली, आणि अक्षराच्या टोकांशीं जी आडवी बैठक असते, जिला सेरिफ म्हणतात, ती भरीव करून हलक्या वळणानें उभ्या रेघेस जोडली.

आमच्या मतें यांतील खरें कौशल्य पांढऱ्या जागेचें आहे. रेघ जाड आणि रुंदी कमी, असें दोन्हीं बाजूंनीं दाबलें कीं अक्षराचें पोट आक्रसतें व शाई थोडी अधिक झाली तरी बुजतें. (देवनागरींत म आणि भ यांच्या गांठींची हीच गत होते.) म्हणून असा टाईप मथळ्यास शोभतो; पानभर वाचावयास दिला तर डोळे शिणतात.

चिंचोळ्या अक्षराची खरी निकड भासली ती भित्तिपत्रकांवर. कागदाची रुंदी ठरलेली; खेळाचें नांव लांबलचक असलें तर अक्षर बुटकें करावें लागे, आणि मग तें रस्त्यापलीकडून दिसत नसे. उंची कायम ठेवून रुंदी आटविली कीं काम भागे. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनीं १८२७ च्या सुमारास लांकडी खिळे यंत्रानें कोरण्यास आरंभ केला होता. शिशाच्या मोठ्या खिळ्यांपेक्षां ते हलके व स्वस्त. पुढें क्लॅरेंडनच्या घराण्यांतील अक्षरें तेथें लांकडांत नाना रुंदींचीं निघालीं आणि सर्कशींच्या जाहिरातींवर झळकलीं.

बेस्ली यांनीं आपला टाईप १८४२ च्या कायद्याखालीं नोंदविला होता. टाईपाच्या रूपास असें संरक्षण मिळाल्याचें हें पहिलें उदाहरण मानतात. पण मुदत अवघी तीन वर्षांची! ती सरतांच इतर कारखान्यांनीं धडाधड नकला काढल्या. बेस्ली यांनीं छापील तक्रार केली, ती व्यर्थ गेली. एकेक ठसा पोलादांत कोरणाराच्या श्रमांस तीन वर्षें ही मुदत आम्हांस तरी अन्यायाचीच वाटते; मात्र नकला झाल्या नसत्या, तर हें वळण इतक्या छापखान्यांत पोंचलें असतें काय, याची शंकाच आहे. बेस्ली १८६९ सालीं लंडनचे लॉर्ड मेयर झाले. क्लॅरेंडन हें मात्र एका टाईपाचें विशेषनाम न राहतां, इंग्रज मुद्रकांच्या बोलण्यांत कोणत्याहि ठळक अक्षराचें सामान्यनाम होऊन बसलें.